आधी कातर, मग मेंढ्या: सिन्नर-येवल्याच्या माळावरून

सिन्नरच्या पूर्वेला, वावीच्या पुढे आमची थोडी हलकी जमीन आहे. बाजरी, मठ आणि पाऊस लागलाच तर कांदा, यापलीकडे तिच्याकडून फार अपेक्षा नाही. तिथे दहा-बारा मेंढ्या ठेवायचं आमच्या डोक्यात बरेच दिवस होतं. पण जनावर दावणीला आणून मग शिकण्यापेक्षा ज्यांच्या पिढ्या त्यात गेल्या त्यांच्याकडे जाऊन राहावं, निदान लोकर कशी कातरायची एवढं तरी हाताने करून पाहावं, म्हणून मी आणि बायको भाद्रपदात निघालो. वेळ मुद्दाम निवडली होती. वर्षात दोन कातरण्या होतात, एक पावसाळा सरताना आणि दुसरी उन्हाळ्याच्या तोंडावर. शिवाय दसरा-दिवाळी उलटली की इकडचे बरेच वाडे, म्हणजे मेंढपाळांचे कळपासकट फिरते मुक्काम, चाऱ्यासाठी घाटाखाली उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशीच परत येतात. हिवाळ्यात जाल तर घरी म्हातारी माणसं भेटतील, मेंढरं नाही.

नाशिकहून मोहदरी घाट चढून सिन्नर, तासाभराचा रस्ता. गोंदेश्वराचं मंदिर पाहिलं नसेल तर सकाळीच उरका, नंतर अंगाला मेंढराचा वास येतो आणि मंदिरात लोक वळून बघतात. पुढे शिर्डी रस्त्याने गेलं की जमिनीचा रंगच बदलतो. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्यात सिन्नर-येवल्याचा पूर्व भाग पाचशेच्या आसपास मिळाला तरी समाधानी असतो. मेंढीला हाच कोरडा भाग मानवतो. ओल्या चिखलात तिचे खूर सडतात आणि पोटात जंत माजतात. त्र्यंबक-इगतपुरीकडे जागा घेऊन मेंढीपालनाची स्वप्नं बघणाऱ्यांनी शेळीचा विचार करावा, तोही उंच मचाणावर.

वाडा गावापासून लांब, एका शेतकऱ्याच्या काढलेल्या मुगाच्या वावरात बसला होता. वाघर लावलेली, म्हणजे मेंढरांभोवती जाळ्याचं कुंपण. आत कोकरं डालग्यांखाली झाकलेली, बाहेर दोन कुत्री, आणि ती कुत्री आम्हाला पाहून जे उठली ते मालकाने तीनदा हाक मारल्यावरच बसली. या भागात लांडगे आहेत, उसाच्या बाजूला बिबट्या आहे, त्यामुळे कुत्र्याचं काम शोभेचं नाही. वाघरीशिवाय आणि कुत्र्याशिवाय मेंढरं उघड्यावर ठेवायचा विचारही करू नका. शेतकरी वाडा बसवून घेतो ते लेंडीखतासाठी. त्याचे तो धान्य किंवा पैसे देतो. हे उत्पन्न लहान माणसाच्या हिशोबात कुणी धरत नाही, पण आम्ही जे आकडे ऐकले त्यात कोकरांच्या खालोखाल हेच होतं. लोकर शेवटी, किंबहुना हिशोबाबाहेर.

वाड्यावरचे बाबा सत्तरीच्या पुढचे. आमची सगळी योजना त्यांनी ऐकून घेतली, चंची काढली आणि विचारलं, "चंदनपुरीला गेलाय का?" मालेगावजवळच्या या गावात बानाईसाठी खंडोबाने चाकर होऊन मेंढरं राखली अशी कथा आहे. "देवाला आधी मेंढरं राखावी लागली. तुम्ही शेड बांधायच्या गोष्टी करताय." मग हसले आणि म्हणाले, "उद्या सकाळी या. मेंढ्यांना आज रातच्याला काही टाकत नाय."

ही पहिली शिकवण. कातरायच्या आदल्या संध्याकाळपासून चारा बंद. भरल्या पोटाची मेंढी आडवी पाडली की फुगलेलं पोट छातीवर दाबतं, तिला दम लागतो, ती तडफडते आणि माणूस समजतो की जनावर खोडकर आहे. शिवाय लोकर पूर्ण वाळलेली हवी. यांनी दोन दिवस आधी ओढ्यात मेंढ्या धुऊन घेतल्या होत्या. रात्री सर आली असेल तर कातरणी पुढे ढकलायची, ओल्या लोकरीत कातर अडकते आणि कातरलेली लोकर पोत्यात कुजते.

सकाळी बाबांनी एक काळी दोनदाती, म्हणजे पुढचे दोन पक्के दात आलेली तरुण मेंढी कळपातून काढली. मी आतापर्यंत जिथे जिथे कातरणी पाहिली होती तिथे चारही पाय सुंभाने बांधलेले पाहिले होते. बाबांनी दोरी घेतलीच नाही. लोकरीला हात न लावता हनुवटीखाली एक हात, मागच्या फऱ्यावर दुसरा, मान हलकेच बाजूला वळवली आणि मेंढी त्यांच्या गुडघ्यावरून घसरून खाली बसली. "पाय भुईला टेकले की ती पळायला बघते. टेकू दिले नाय की गप." खरंच गप होती. डोळे अर्धे मिटलेले, श्वास संथ. लोकर धरून मेंढी उचलणं हे या माणसाच्या लेखी पाप आहे. कातडीखाली रक्त साकळतं आणि ते सोलल्यावर दिसतं, असं त्यांच्या मुलाने सांगितलं.

कातर दोन पात्यांची, लोखंडी, लोहाराकडून धार लावून आणलेली. सुरुवात पोटापासून. मला वाटलं होतं कसब उजव्या हाताचं असेल. ते डाव्या हाताचं आहे. डाव्या तळव्याने कातडी मागे ताणून धरायची आणि पातं अंगाशी सपाट ठेवून पुढे सरकवायचं. माझ्या हातात कातर आली तेव्हा मी नकळत लोकरीचा झुबका वर धरला. बाबांनी मनगटावर चापट मारली. "केस ओढू नको. चामडं ताण, लोकर आपसूक उभी राहती." लोकर वर ओढली की खालच्या पातळ कातडीचा तंबू होतो आणि पातं नेमकं त्या तंबूतून जातं. काखेत, जांघेत आणि मानेच्या वळ्यांत ही कातडी फार सैल असते, तिथे घाई करायची नाही. कासेजवळ आलो की सडांवर आपला तळवा झाकण म्हणून ठेवायचा, नर असेल तर शिस्नाची बाजू तशीच जपायची. मागच्या गुडघ्यावरची जाड शीर विसरू नका, ती तुटली तर जनावर पांगळं होतं.

कातर पूर्ण उघडून लांब फटका मारायचा. भीतभीत छोटे छोटे फटके मारले की एकाच जागी दोनदा कातरलं जातं, लोकरीचे आखूड तुकडे पडतात आणि ते कुणाच्याच कामाचे नसतात. माझ्या मेंढीवर पट्टे पट्टे राहिले. बायकोच्या हाताखालची मेंढी बरीच नीट दिसत होती, याची वाड्यावरच्या मावशींनी पुढे जेवताना मोठ्याने नोंद घेतली.

पण या सगळ्यात मला पटलं ते वेगळंच. कातरताना मेंढीच्या अंगाचा बोट न बोट भाग हाताखालून जातो. कानामागे आणि शेपटीखाली गोचीड आहेत का, पाठीचा कणा बोटाला बोचतो का, कासेत गाठ आहे का, खुरात घाण येते का, हे एरवी लोकरीखाली झाकलेलं असतं. बाबा प्रत्येक मेंढीला सोडण्यापूर्वी खालची पापणी ओढून बघत. आतला भाग लालबुंद असेल तर ठीक, पांढरट असेल तर जंत रक्त पीत आहेत. त्या मेंढीच्या कपाळाला गेरू लागायचा आणि ती औषधासाठी वेगळी व्हायची. म्हणून माझं म्हणणं असं की लोकरीला भाव असो नसो, स्वतःची मेंढी स्वतः कातरता यायला हवी. दुसऱ्याने कातरली तर ही तपासणी त्याच्या हाताला होते, तुमच्या नाही.

भावाचं म्हणाल तर तो नाहीच. दख्खनी मेंढीची लोकर भरड, केसाळ, वर्षाला अर्ध्या किलोच्या आसपास. कातरणाऱ्याची मजुरी तिच्या किमतीपेक्षा जास्त पडते. कोकरांची पहिली लोकर म्हणजे जावळ तेवढं मऊ, त्याची घोंगडी अजून मागून नेतात, ते वेगळ्या पिशवीत ठेवा. बाकीची आम्ही पोत्यात भरून आणली आणि डाळिंबाच्या खोडाभोवती पसरली. ओल धरते आणि सावकाश कुजताना नत्र सोडते.

तिथून येवला तालुक्यात राजापूर-ममदापूरकडे गेलो. काळविटांचं संवर्धन राखीव क्षेत्र आहे, संध्याकाळी रस्त्यावरूनही कळप दिसतात. मेंढरं घेऊन राखीव भागात शिरू नका, वनखात्याला ते चालत नाही. तिथल्या एका तरुणाने बंदिस्त पद्धतीने मेंढ्या ठेवल्या आहेत आणि तो विजेच्या मशीनने कातरतो. मेंढीला ढुंगणावर बसवून, पाठ आपल्या मांड्यांना टेकवून कातरण्याची पद्धत त्याने व्हिडिओ पाहून उचलली. मूळ न्यूझीलंडची. गॉडफ्रे बोवेन या माणसाने ती घडवली आणि 1953 साली नऊ तासांत 456 मेंढ्या कातरून दाखवल्या. आपल्याला एका मेंढीला अर्धा तास लागला तरी लाज वाटायचं कारण नाही. मशीन वेगवान खरं, पण दोन गोष्टी सांभाळा. फणी तापते, मधूनमधून स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा आणि तेल द्या. आणि आपल्या मेंढरांच्या लोकरीत माळावरची माती इतकी असते की धार भराभर जाते. दहा-बारा मेंढ्यांसाठी मला हातकातरच बरी वाटली. आवाज नाही, म्हणून मेंढी बुजत नाही, आणि अंगावर थोडी लोकर राहते ती उन्हा-थंडीला उपयोगी पडते. थंडीचं हलक्यात घेऊ नका, निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत कुठे जातो ते द्राक्षवाल्यांना विचारा. त्या दोन महिन्यांत कातरणी नकोच. गाभण मेंढीचा काळ पाच महिन्यांचा, त्यातल्या शेवटच्या महिन्यात तिला आडवी पाडू नका.

कापलंच तर आयोडीनचं औषध लावा आणि माशा बसणार नाहीत ते बघा. जखमेत एकदा अळ्या झाल्या की तिथून काम वाढतं. वाड्यावर हळद-तेल लावतात, बारीक ओरखड्याला पुरतं. खोल जखमेसाठी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टर. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा 1962 हा नंबर फोनमध्ये असू द्या.

आता नाशिकपुरती सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी मला कुठल्याही प्रशिक्षणाच्या पत्रकात दिसली नाही. मेंढीला तांबं सोसत नाही. ते यकृतात साठत जातं, महिनोन्महिने काही दिसत नाही, आणि मग अचानक लघवी लाल-काळी होते आणि जनावर हातचं जातं. आपल्याकडे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रण आणि तांब्याची इतर बुरशीनाशकं वर्षानुवर्षं पडतात. एप्रिलच्या खरड छाटणीचा आणि ऑक्टोबरच्या छाटणीचा हिरवा पाला ट्रॅक्टरभर फुकट मिळतो, तो मेंढ्यांना घालू नका, बागेत चरायलाही सोडू नका. गाईम्हशींचं खनिज मिश्रण आणि सुग्रास, म्हणजे त्यांचं तयार खाद्यही याच कारणासाठी नको. मेंढीचं वेगळं मिळतं, तेच मागा. कांद्याचंही तसंच. पात असो की कांदाचाळीतला खराब कांदा, रोज पोटभर टाकला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

जातींवर फार डोकं खपवू नका. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याची माडग्याळ उंच, देखणी आणि महाग. फलटणच्या निंबकर संस्थेने तयार केलेल्या सुवर्णा मेंढीला जुळी होतात, पण जुळ्यांना पाजायचं तर आईला चारा हवा, आणि चाऱ्याचीच तर आपल्याकडे ओढ. कोरड्या जमिनीवर साधी दख्खनी घ्या, शक्यतो जवळच्याच वाड्यावरून. दोनदाती किंवा चारदाती बघून घ्या, जुळलेल्या दातांची, म्हणजे सगळे पक्के दात आलेली वयस्क मेंढी स्वस्त मिळते ती का स्वस्त आहे ते कळायला वर्ष जातं. बाजारातून आणलेली मेंढी निदान तीन आठवडे वेगळी ठेवा. छपराखाली एकीला दहा चौरस फूट आणि बाहेर मोकळी जागा त्याच्या दुप्पट. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याचा रोग) लस पावसाळ्याआधी आणि पंधरा दिवसांनी पुन्हा, पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची तीन वर्षांतून एकदा.

सरकारी मदतीच्या भरवशावर बेत आखणाऱ्यांसाठी: राज्याच्या महामेष योजनेत 20 मेंढ्या आणि 1 नर 75 टक्के अनुदानावर मिळतो, पण ती भटक्या जमाती-क, म्हणजे धनगरांच्या प्रवर्गासाठी आहे, आणि ते योग्यच आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाचं अनुदान 100 मेंढ्या आणि 5 नरांपासून सुरू होतं. दहा-बारा मेंढ्यांवाल्याने स्वतःच्या खिशातून सुरुवात करावी.

वाड्यावर जाताना चहा-साखर न्या, पैसे हातावर ठेवू नका. कातरायला मदत केलीत तर मजुरी तुम्हीच मागायला हवी, असं मावशी म्हणाल्या. जुने पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, रात्री अंग नीट तपासा, गोचीड माणसालाही सोडत नाही. कातर मात्र जाण्याआधी विकत घेऊ नका. हाताच्या मापाची लागते, वाड्यावर दोन-तीन वापरून बघा आणि त्यांच्याच लोहाराकडे बनवायला टाकून या. आमची दिवाळीनंतर मिळणार आहे, मेंढ्या त्यानंतर.