स्लीव्हमोरची रिकामी घरे

आयर्लंडच्या मेयो परगण्यातील अ‍ॅकिल बेटावर स्लीव्हमोरची ओसाड वस्ती पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून ‘लोक एका रात्रीत गाव टाकून गेले’ असे उद्गार ऐकले, तेव्हापासून ते माझ्या मनात सलत आहेत, कारण तसे घडलेले नाही.

आपल्याकडील शिवारासारखे जमिनीचे जे सर्वांत लहान घटक आयर्लंडमध्ये आहेत, त्यांना ‘टाउनलँड’ म्हणतात. देशभरात ते ६०,००० हून अधिक आहेत आणि स्लीव्हमोर त्यांपैकीच एक. ६७१ मीटर उंचीच्या डोंगराच्या दक्षिण उतारावर, एका पायवाटेच्या कडेने ऐंशी ते शंभर दगडी घरांचे अवशेष उभे आहेत. बहुतेक घरे एकखणी असून भिंतींत चुना किंवा माती न घालता केवळ दगडावर दगड रचलेला आहे. काही घरांच्या भिंतींत गुरे बांधण्याची दगडी कडी अजून दिसतात, म्हणजे माणसे आणि गुरे एकाच छपराखाली राहत असत. घरांभोवती बटाट्यांसाठी काढलेले सरी-वरंबे इतके ठळक आहेत, की तिरप्या उन्हात ते एकेक करून मोजता येतात.

१८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळाला तोंड फुटले. १८४१ च्या जनगणनेतील आयर्लंडची सुमारे ८२ लाखांची लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली. अ‍ॅकिलमध्ये त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली: १८३१ मध्ये याच डोंगराच्या पायथ्याशी, डूगोर्ट येथे, एडवर्ड नँगल यांनी प्रोटेस्टंट मिशन स्थापन केले होते, आणि त्या मिशनने पुढे बेटावरील बरीच जमीन विकत घेतली. उपासमार, खंडाचा बोजा आणि जमिनीवरून उठवले जाणे या साऱ्यांमुळे कुटुंबे हळूहळू समुद्रकाठच्या डूआ गावात उतरली. मात्र विसाव्या शतकातही त्यांच्यापैकी काही जण उन्हाळ्यात गुरे घेऊन स्लीव्हमोरच्या जुन्या घरांत राहायला येत. ज्या घरी माणूस दरसाल परत येतो, त्याला टाकलेले घर कसे म्हणावे?

कोकणातील आमचे घर वर्षाचे बहुतेक दिवस बंद असते आणि ‘परदेशात गेलात, घर सोडलेत’ हे मी नातेवाइकांकडून वारंवार ऐकतो, म्हणून हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा वाटतो. अ‍ॅकिलचे लोकही पिढ्यान्‌पिढ्या बटाटे काढण्याच्या हंगामाला स्कॉटलंडला जात. १८९४ मध्ये तिकडे जाण्यासाठी निघालेल्यांची होडी क्ल्यू उपसागरात उलटून ३२ जण बुडाले. पोटासाठी बाहेर पडणाऱ्यांनी घराशी नाते तोडले, असे त्यांच्याविषयी येथे कोणी म्हणत नाही.

स्लीव्हमोरमध्ये १९९१ पासून पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांनी घरांची जमीन काळजीपूर्वक उकरून अभ्यास केला, याचे मला मनापासून कौतुक आहे. आपल्या पडक्या वाड्यांकडे असे कोणी पाहत नाही, हेही खरे. परंतु आमच्या घराची कौले पावसाळ्यापूर्वी चुलते नेमाने परततात, गणपतीत ओटीवर पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि या वर्षी माझेही तिकीट काढून झाले आहे.