पाडव्याचा मिक्सर, भाऊबीजेचा मिक्सर

पाडव्याला ओवाळलं तेव्हा नवऱ्याने तबकात पाकीट टाकायच्या ऐवजी कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट दाखवलं. मिक्सर! जुना गणपतीपासून जळका वास सोडत होता, त्यामुळे मी खूश. त्याच संध्याकाळी नव्यात खोबऱ्याची चटणी वाटली. दुसऱ्या दिवशी दादा आला, काखेत खोकं. तीच कंपनी, तेच ७५० वॅट, तीच तीन भांडी. जळक्या वासाचं रडगाणं मी दोघांकडेही गायले होते, तेव्हा चूक माझीच.

कुठला परत करायचा हा प्रश्नच नव्हता. एकाला चटणी लागली होती, दुसऱ्याची चिकटपट्टी शाबूत होती. म्हणजे भावाची ओवाळणी दुकानात परत न्यायची आणि त्यासाठी बिलही त्याच्याकडेच मागायचं. आई म्हणाली, "राहू दे माळ्यावर, कुणाच्या तरी लग्नात देता येईल." लग्नासाठी राखलेली अशी चार खोकी माळ्यावर आधीच आहेत. त्यातला एक लेमन सेट एकदा ज्यांनी दिला त्यांच्याच घरी जाता जाता राहिला.

दोन तास घालवून वहिनीला फोन लावला. "वॉरंटीसाठी बिल हवं होतं" असं सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडातून खरंच निघून गेलं. वहिनी हसल्या. "अगं, आधी विचारा म्हणून मी ह्यांच्या मागे लागले होते!" पाच मिनिटांत व्हॉट्सअॅपवर बिलाचा फोटो, आणि खाली एक ओळ: ह्यांना कळू देऊ नकोस.

खरी गोम बिलाच्या तळाशी होती. 'बदली ७ दिवसांत, रोख परतावा नाही.' दादाने मिक्सर घेतला वसुबारसेला. भेट हातात पडते भाऊबीजेला, पण दिवस मोजायचे खरेदीपासून. माझ्या वाट्याला आला एक दिवस, आणि त्या दिवशी दुकान बंद. दुसऱ्या दिवशीही बंद.

आमच्या सोसायटीत ग्राहक पंचायतीत काम केलेले एक काका आहेत. ही चळवळ १९७४ साली पुण्यातच सुरू झाली, हे ते दर भेटीत सांगतात. त्यांना वाटेत गाठलं. "मिक्सर बिघडलाय का?" नाही. "मग भांडू नकोस. माल सदोष असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यावाच लागतो. नाही घेतला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन. पण घरात दोन झाले, हा काही मिक्सरचा दोष नाही. तिथे गोड बोलायचं."

तिसऱ्या दिवशी वनाजहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून मंडई. खोकं मांडीवर. तापकीर गल्लीत पोचले तर एक वाजून दहा मिनिटं, शटर अर्धं खाली. चितळ्यांनी २०१७ साली दुपारचं दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तो निरोप या दुकानापर्यंत पोचलेला नाही. चार वाजेपर्यंत तुळशीबागेतल्या रामापाशी खोकं शेजारी ठेवून बसले.

चारला मालकांनी खोकं काउंटरवर घेतलं. आधी चिकटपट्टीवरून नख फिरवलं. मग ती कापून भांडी मोजली, प्रत्येक भांडं उजेडाकडे धरून पात्यांच्या बुडाशी बोट घातलं आणि बोट हुंगलं. मनात म्हटलं, बरं झालं, चटणीवाला आणला नाही. मोटर उलटी करून तळाचा नंबर बिलाशी ताडला. "वॉरंटी कार्डावर शिक्का मारून नेलाय?" नव्हता. दादाचा आळस आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामी आला.

"पण ताई, नऊ दिवस झाले."

"काका, त्यातले दोन दिवस तुमचं शटर खाली होतं."

त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं, बोटांवर मोजलं आणि मुलाला हाक मारली, "यांना काय हवंय ते दाखव रे."

रोख परतावा नाही ही अट मला तर सोयीचीच होती. दादाने पैसे यूपीआयने दिले होते, ते त्याच्याच खात्यात परत गेले असते आणि त्याचा मोबाइल वाजला असता. मिक्सर ४,२०० चा. २,६५० ची इंडक्शन शेगडी घेतली, १,२०० ची इस्त्री. उरलेल्या ३५० ची क्रेडिट नोट, मुदत तीन महिने.

दादा गेल्या रविवारी जेवायला आला होता. ओट्यावरच्या मिक्सरकडे बघून म्हणाला, "चालतोय ना नीट?" एक नंबर, म्हटलं. वहिनी कोशिंबिरीत मीठ पुरे आहे का ते बघत राहिल्या.

क्रेडिट नोट फ्रिजला लावली आहे. परवा वापरायला म्हणून गेले होते. सव्वा वाजला होता.