काचेवरचा तडा

माझ्या टॅबच्या काचेला डाव्या कोपऱ्यातून थेट मध्यापर्यंत तडा गेलेला आहे. वाचताना तो इतका सवयीचा झाला आहे की एखाद्या अक्षराचा लांबलेला कानाच वाटावा. पण त्याच पडद्याचा स्क्रीनशॉट काढून कोणाला पाठवला, तर पाहणाऱ्याला तो दिसत नाही. स्क्रीनशॉट म्हणजे काचेचा फोटो नव्हे, कोणत्या ठिपक्याला कोणता रंग द्यायचा या हिशेबाचीच ती नक्कल असते, त्यामुळे तडा, बोटांचे ठसे, दिव्याचे प्रतिबिंब यांतले काहीही तिच्यात उतरत नाही. तरीही टॅबच्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढणारे लोक आहेत, आणि त्यात बहुधा मजकुरापेक्षा त्यांचा सदराच ठळक येतो.

त्यांना मी फारशी नावे ठेवत नाही, कारण टॅबवर स्क्रीनशॉट काढणे हे दोन्ही हातांचे काम आहे. मोबाइल मुठीत मावतो. टॅब पाटीसारखा धरावा लागतो आणि तो धरून ठेवणाऱ्या बोटांनीच बटणेही दाबावी लागतात. अँड्रॉइडमध्ये पॉवरचे आणि आवाज कमी करण्याचे बटण एकदम दाबण्याची सोय २०११ साली आलेल्या ४.० या आवृत्तीपासून आहे, पण माझ्या बोटांचे ‘एकदम’ या शब्दावर अजून एकमत झालेले नाही. पॉवर आधी दाबले गेले तर पडदाच मिटतो. आवाजाचे आधी दाबले गेले तर आवाजाची पट्टी मजकुरावर येऊन बसते. आयपॅडवर वरचे बटण आणि होम बटण, किंवा होम बटण नसेल तर आवाजाचे कोणतेही एक, अशी जोडी आहे. पडद्यावर लिहायची आयपॅडची खास पेन्सिल असेल तर खालच्या कोपऱ्यातून ती तिरकी आत ओढली तरी भागते, आणि हे मला सर्वांत सभ्य वाटते.

तडा येत नाही, तशी वेळ मात्र टळत नाही. वरच्या चिंचोळ्या पट्टीत घड्याळ आणि बॅटरी असतात, आणि त्यांचीही इमानदारीने नक्कल होते. परवा जुने स्क्रीनशॉट चाळताना बुद्धिबळाचे एक कोडे सापडले: पटावर काळा राजा कोपऱ्यात कोंडलेला, पांढरा उंट एकटाच मोकळा, आणि वर २:१४, बॅटरी ६ टक्के. त्या रात्री ब्राइटनेस अगदी मंद करून मी अंथरुणात पडलो होतो. चित्र मात्र भर दुपारसारखे लख्ख. कोडे का जपून ठेवले ते मुळीच आठवेना, पण चार्जर दुसऱ्या खोलीत होता आणि उठायचा कंटाळा आला होता, हे त्या सहा टक्क्यांनी लगेच सांगितले.

उत्तर सुचेना म्हणून, पट्टी कापण्याचे भान न राहता, मी ते चित्र तसेच एका मित्राला पाठवले. थोड्या वेळाने त्याचे उत्तर आले, “रात्री सव्वादोनला जागा होतास? तब्येत बरी आहे ना?” उंटाचे काय करायचे, ते त्याने अद्याप सांगितलेले नाही.