लिन एकटीच आली

“एका खेळात एक पात्र घेतलं नाही, म्हणून तुम्ही लोक वर्षानुवर्षं भांडता?” हा प्रश्न मला ऑफिसात विचारला गेलाय, ताईने विचारलाय, आणि मागच्या दिवाळीत फराळाच्या ताटावर भाच्यानेही विचारला. दर वेळी मी हसून विषय बदलला. पण तुम्ही परत विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

भांडण आहे ‘फायर एम्ब्लेम वॉरियर्स’वरून. फायर एम्ब्लेम ही निन्टेंडोची १९९० सालापासून चालत आलेली जपानी मालिका. चौकटींचा नकाशा, आळीपाळीने चाली, थोडंफार बुद्धिबळासारखं; फक्त इथे प्रत्येक प्याद्याला नाव असतं, गाव असतं आणि घरी वाट बघणारं कोणीतरी असतं. बहुतेक खेळांचं जग वेगळं, नायक वेगळा. २०१७ मध्ये या सगळ्या जगांमधले वीर एकाच खेळात भेटणार असं जाहीर झालं. त्यात डावपेच कमी आणि मारामारी जास्त होती, म्हणजे एकटा योद्धा शेकडो सैनिकांना लोळवत पुढे जातो त्या पद्धतीचा खेळ. ‘डायनेस्टी वॉरियर्स’ करणाऱ्या कोएई टेक्मो कंपनीच्या ओमेगा फोर्स आणि टीम निन्जा या चमूंनी तो केला. बातमी आली त्या दिवसापासून प्रत्येकाच्या मनात एकच यादी सुरू झाली: कोण कोण येणार?

माझ्या यादीत पहिलं नाव लिनचं होतं. २००५ च्या मे महिन्याच्या सुट्टीत माझा मावसभाऊ परदेशातून आला होता आणि जाताना त्याचा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स मला देऊन गेला. आत एकच खेळ होता, जपानबाहेर गेलेला पहिला फायर एम्ब्लेम. सुरुवातीला तुम्ही माळरानावर बेशुद्ध सापडता. लिन नावाची मुलगी तुम्हाला आपल्या झोपडीत आणते, शुद्धीवर आल्यावर नाव विचारते आणि मग शेवटपर्यंत त्याच नावाने हाक मारते. तिची टोळी दरोडेखोरांनी कापून काढलेली असते. तिला कोणी उरलेलं नसतं आणि ती तुमच्याबरोबर निघते. नववीतल्या मला हे फार लागलं होतं. तिला पुढे एका देवळात तलवार मिळते, तिचं नाव मणी कट्टी. बेळगावची माझी आजी शेजारी बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, “कत्ती म्हणजे तलवारच की गं, कानडीत.” त्या नावामागे खरोखर काय आहे कोण जाणे, पण त्या दिवसापासून लिन आमच्या घरातली झाली.

आता मुद्द्याची गोष्ट. या मालिकेत लढाईत पडलेला माणूस परत येत नाही. नव्या खेळांत ही अट बंद करता येते, पण जुन्यांमध्ये ती सोय नव्हती. लिनची मैत्रीण फ्लोरिना उडत्या घोड्यावर बसते आणि उडणाऱ्यांना बाण फार लागतो. एकदा मी घाईत तिला धनुर्धराच्या टप्प्यात नेऊन ठेवलं. ती दोन वाक्यं बोलली आणि संपली. पाऊण तासाचा डाव मी तिथेच बंद केला आणि पहिल्यापासून मांडला. हे मी एकटीनेच केलेलं नाही. ही मालिका खेळलेला जवळजवळ प्रत्येक माणूस असं कोणासाठी तरी मागे फिरलेला असतो. तीस-चाळीस जणांना एकेक करून जिवंत ठेवत शेवटापर्यंत आणलं की त्यांच्यातला कोणीही ‘किरकोळ पात्र’ राहत नाही. त्यामुळे नव्या खेळात कोणाला घेतलं याची यादी येते तेव्हा आम्ही ती कोणाला मागे ठेवलं म्हणून वाचतो.

आणि यादी काय होती? वॉरियर्स आला तेव्हा त्यात खेळता येतील अशी २३ पात्रं. त्यांतली नऊ ‘फेट्स’ची, सहा ‘अवेकनिंग’ची (हे दोन्ही मालिकेतले तेव्हाचे नवे खेळ), तीन मालिकेचा पहिला नायक मार्थ याच्या जगातली. दोन जुळी भावंडं याच खेळासाठी नव्याने घडवलेली. अ‍ॅना ही व्यापारीण तर जवळजवळ प्रत्येक जगात असतेच. उरलेल्या सगळ्या मालिकेतून दोघी जणी, लिन आणि सेलिका. जुन्या खेळांचे नायक आइक आणि रॉय, दोघेही नाहीत. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ‘फायर एम्ब्लेम हीरोज’ या मोबाइलवरच्या खेळासाठी चाहत्यांचं मतदान झालं होतं. त्यात पुरुषांमध्ये आइक पहिला आणि रॉय दुसरा, स्त्रियांमध्ये लिन पहिली आणि अवेकनिंगमधली लुसिना दुसरी. म्हणजे लोकांना कोण हवंय हे कोणाला ठाऊक नव्हतं अशातला भाग नव्हता.

करणाऱ्यांनी दिलेलं कारण मला अर्धं पटतं. प्रत्येक खेळातून एकदोघांनाच घेतलं तर सगळे नायकच गोळा होतील, नायक बहुतेक तलवारवाले, आणि त्यांच्यात आपसातली नाती दिसणार नाहीत. त्यापेक्षा तीन जगं घेऊन ती खोलात दाखवू, असा तो विचार होता. नात्यांचं म्हणणं खरं आहे. फेट्समध्ये होशिडो आणि नोहर अशी दोन राज्यं, प्रत्येकाची चार राजभावंडं, आणि आठही या खेळात आली. धाकट्या ताकुमीच्या मनातली सल समोर थोरला भाऊ रयोमा असल्याशिवाय कळतच नाही.

पण तलवारीचं कारण मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. मोजून बघा: त्या २३ मध्ये दहा जण तलवारवाले आहेत आणि कुऱ्हाडवाले तिघेच. हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. या मालिकेत तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. वॉरियर्समध्येही हा नियम ठेवलेला आहे. समोर भालेवाल्यांची फौज उभी राहिली की हाताशी कुऱ्हाड कमी पडते आणि आवडत्या माणसाला बाजूला ठेवून दुसऱ्यालाच पुढे करावं लागतं. लिनच्याच खेळात हेक्टर आहे, कुऱ्हाड घेऊन लढणारा, तिच्या बरोबरीचा नायक. ‘सेक्रेड स्टोन्स’चा एफ्राइम भालेवाला. मिकाया तर जादूने लढते. तलवार नसलेले नायक मालिकेत होते.

वाईट वाटलं ते याचं. लिन आली, पण एकटीच आली. हेक्टर नाही, तिच्याच खेळातला एलिवुड नाही, फ्लोरिना नाही. जिची टोळी मारली गेली, जिने मोठ्या कष्टाने नवी माणसं जोडली, तिला पुन्हा त्या माणसांशिवाय परक्यांमध्ये आणून उभं केलं. खोलात दाखवायचं म्हणून तीनच जगं घेतली म्हणता, तर मग तिला अशी का आणलीत? आणायचीच होती तर निदान एक मैत्रीण तरी द्यायची. मी तिच्या नावाने आनंदाने ओरडले होते, आणि पहिल्याच रात्री खेळताना मला रडू आलं.

या वादात एक गोष्ट मला कधीच आवडली नाही. जुने चाहते नव्यांना म्हणू लागले की तुम्ही अवेकनिंगपासून आलात, तुम्हाला काय कळणार. अरे, २०१२ च्या त्या खेळाने मालिका जगवली. अडीच लाख प्रती खपल्या नाहीत तर मालिका बंद, असं निर्मात्यांना सांगण्यात आलं होतं. नवे लोक आले म्हणून आपल्याला पुढचं काही बघायला मिळालं. माझ्याहून बारा वर्षांनी लहान एक मैत्रीण आहे, तिच्यासाठी लुसिना तीच आहे जी माझ्यासाठी लिन. तिच्या आनंदाशी माझं काहीच भांडण नाही.

उलट तिलाच मी एक जुनी गोष्ट सांगते. २००१ मध्ये निन्टेंडोच्या ‘स्मॅश ब्रदर्स मेली’ या एकत्र मारामारीच्या खेळात मार्थ आणि रॉय आले. तोवर ही मालिका जपानबाहेर गेलीच नव्हती, आणि रॉयचा स्वतःचा खेळ तर जपानमध्येही २००२ मध्ये आला. लोक विचारू लागले की हे दोघे कोण, आणि त्या कुतूहलाच्या जोरावर २००३ मध्ये फायर एम्ब्लेम बाहेर पडला. तोच खेळ मावसभावाच्या खिशातून माझ्यापर्यंत पोचला. दोन नावं एका यादीत होती म्हणून मला लिन भेटली. त्यामुळे “यादीने काय फरक पडतो” असं कोणी म्हटलं की मी गप्प बसू शकत नाही. वॉरियर्समधून पहिल्यांदा ही मालिका बघणाऱ्या मुलाला आइक नावाचा कोणी आहे हे कळलंच नाही.

डिसेंबर २०१७ ते मार्च २०१८ मध्ये विकत घ्यायची आणखी नऊ पात्रं आली, पुन्हा त्याच तीन जगांतली. त्यानंतर बरेच जण बोलायचेच थांबले. २०२२ चा दुसरा वॉरियर्स, ‘थ्री होप्स’, सरळ एकाच जगावर केला. मला तो जास्त प्रामाणिक वाटला.

२०२३ च्या जानेवारीत आलेल्या ‘एंगेज’ने अगदी उलटा नियम लावला: बारा अंगठ्या, त्यांत बारा वीर, अगदी जुन्या मार्थपासून नव्या बायलेथपर्यंत. रॉय होता, आइक होता, मिकाया होती, लिनही होती. पुन्हा एकटीच. मग फेब्रुवारीत विकत घ्यायच्या पुरवणीत हेक्टरचं कडं आलं. त्या रात्री मी लिनची अंगठी एका शिपायाला दिली आणि हेक्टरचं कडं दुसऱ्याला. लढाई कुठे चालली आहे हे न बघता दोघांना नकाशाच्या कोपऱ्यात शेजारच्या चौकटींवर नेऊन उभं केलं, आणि चाल संपवायचं बटण बराच वेळ दाबलं नाही.