निदानाच्या रकान्यात न सापडलेले झटके

मला वाटलं होतं, पंधरा दिवसांचं काम. थिसिसचा विषय साधा: वर्षभरात आमच्या दवाखान्यात हार्ट अटॅकचे किती पेशंट आले, ते जुन्या कागदांवरून शोधायचं. एथिक्स कमिटीची परवानगी हातात पडली तेव्हा एप्रिल संपत आला होता. म्हणजे नागपुरात शहाणा माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही, नेमक्या त्या दिवसांत मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसले.

कॉम्प्युटरमध्ये आय २१ टाकलं. आयसीडी-१० म्हणजे आजारांच्या कोडची जागतिक यादी; तिच्यात ताज्या अटॅकचा तो कोड. यादी निघाली, मी खूश. सहज दहा फायली काढून पाहिल्या, तर तिघांना अटॅक कधीचाच येऊन गेलेला; या वेळी एक मोतीबिंदूसाठी भरती, दोघं हर्नियासाठी. त्यांचा कोड आय २५.२ हवा होता. डॉक्टरांनी ‘जुना एमआय’ (एमआय म्हणजे हार्ट अटॅकच) लिहिलं होतं, त्यातला ‘जुना’ कोड टाकताना गळाला.

रेकॉर्डवाले काका कूलरसमोर बसून सगळं पाहत होते. “मॅडम, काय शोधून राहिल्या?” सांगितलं. “मंग निदानच काऊन पाहता? कॅज्युअल्टीचं रजिस्टर घ्या, लॅबचं घ्या. लिवणारा वेगळा असते ना बाप्पा.”

माझा सगळा थिसिस त्या एका वाक्यावर उभा आहे, पण आभाराच्या पानावर काकांचं नाव घालायला त्यांनी साफ नकार दिला.

मग लॅबच्या रजिस्टरातून ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, वाढलेले सगळे उतरवले. तेवढ्यानेही भागत नाही. किडनी निकामी झालेल्यांचं ट्रोपोनिनही वाढलेलं असतं, आणि दुखायला लागल्या लागल्या धावत आलेल्याचं पहिलं सॅम्पल नॉर्मल येऊ शकतं. म्हणून दोन सॅम्पलमधला फरक पाहायचा, आणि त्याला लक्षणांची किंवा ईसीजीची जोड हवी.

एक गृहस्थ तर दोनदा मोजले जाणार होते. कामठीकडच्या छोट्या दवाखान्यातून रात्री आमच्याकडे, इथून अँजिओप्लास्टीसाठी धंतोलीतल्या दवाखान्यात, आठवड्याभरात पुन्हा आमच्या वॉर्डात. वय कुठे ५८, कुठे ६०. आडनाव एकदा आधी, एकदा शेवटी. पत्ता आणि रेफरची चिठ्ठी जुळली म्हणून माणूस एकच हे कळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोनिका या हृदयविकाराच्या नोंदींच्या प्रकल्पात २८ दिवसांच्या आतलं सगळं एकच प्रकरण धरत. तोच नियम मी लावला.

मृत्यूच्या दाखल्यांनी मात्र रडवलं. फॉर्म ४ वर छापलेलंच असतं की मरण कसं आलं ते नको, कोणत्या आजाराने आलं ते लिहा. तरी पहिल्या ओळीत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ आणि खालच्या ओळी कोऱ्या! हृदय आणि श्वास कोणाचा थांबत नाही मरताना? असे दाखले बाजूला काढून एकेकाची फाईल शोधली. काहींच्या सापडल्याच नाहीत.

एका बाईंची फाईल अजून डोळ्यांसमोर आहे. वय ६२, शुगर. कॅज्युअल्टीत लिहिलंय ‘पोटात जळजळ, मळमळ, घाम’. डिस्चार्ज कार्डावर गॅस्ट्रायटिस. आणि लॅबच्या रजिस्टरात तीन तासांच्या अंतराने दोन आकडे, दुसरा पहिल्याच्या कितीतरी पट. तो रिपोर्ट वॉर्डात पोचायच्या आधीच त्यांना सुट्टी झाली होती. लक्षणं अशी पोटाची, म्हणून आता सगळी भिस्त ईसीजीवर. फाईलला स्टेपल केलेली पट्टी उघडली तर चौकटी तेवढ्या गुलाबी, रेघ कुठेच नाही. थर्मल कागद, आणि खोलीतला उन्हाळा. खिडकीशी नेऊन तिरपी धरली, तेव्हा एका कोपऱ्यात तारीख पुसटशी दिसली, बाकी काही नाही.

“झेरॉक्स मारून ठेवा म्हणून किती डाव सांगतलं,” काका म्हणाले.

गाईड मॅडमनी त्या बाईंना ‘निश्चित’ अटॅकमध्ये घेऊ दिलं नाही. मी ‘संभाव्य’मध्ये टाकलं.