पाच तारखेच्या आत

५ एप्रिल, रात्री

दुपारी चिरंजीवांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला. तिशीतला कुणी पोरगा, समोर माईक, मागं निळा दिवा. पीपीएफचे, म्हणजे बँकेत-पोस्टात काढतात त्या सरकारी बचत खात्याचे, पैसे महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरा, हे तो ज्या आवेशात सांगत होता त्या आवेशात आम्ही संपाच्या घोषणाही कधी दिल्या नाहीत. खाली चिरंजीवांची ओळ : "बाबा, हे तुम्हाला माहीत होतं का? मी परवाच भरून टाकले."

माहीत होतं का! उभी हयात बँकेत गेली माझी. त्याला नोकरी लागली तेव्हा खातं मीच उघडून दिलं आणि तेव्हापासून दर एप्रिलला हेच सांगत आलोय. हिशेब सोपा आहे. पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. वर्षाचे दीड लाख एप्रिलच्या पाच तारखेआधी भरले तर सध्याच्या ७.१ टक्क्यांनी वर्षाचे १०,६५० रुपये पदरात पडतात. तेच ३१ मार्चला भरले तर त्या वर्षाचं व्याज शून्य. दर तोच राहिला असं धरलं, तर पंधरा वर्षांनी एकाच्या हातात ४० लाख ६८ हजार येतात आणि दुसऱ्याच्या हातात ३७ लाख ९८ हजार. पैसे दोघांनी सारखेच भरलेले. फरक फक्त तारखेचा.

हे मी त्याला फोनवर सांगितलं, दिवाळीत आला तेव्हा सांगितलं, एकदा चिठ्ठीवर आकडे मांडून पाकिटात घालून दिले. तो "हो बाबा" म्हणायचा आणि ३१ मार्चच्या संध्याकाळी भरायचा. मागच्या वर्षी तर नवीन करप्रणालीत ८०सीची, म्हणजे अशा बचतीवरची, करसूटच नाही, मग पीपीएफ हवं कशाला, असा वाद घातला. व्याज अजूनही करमुक्त आहे, हे मी सांगेपर्यंत त्याला दुसरा फोन आला.

मी व्हिडिओला अंगठा पाठवला. ही शेजारी बसून शेंगा फोडत होती. म्हणाली, "लिहू नका हं, मी सांगत होतो म्हणून." मी तेच टाइप करत होतो. पुसलं.

संध्याकाळी आमराईत फेऱ्या मारताना हेच डोक्यात. काउंटरला असताना सांगलीच्या आसपासच्या कवठेपिरानहून, तुंगहून, कुठकुठून माणसं यायची. ऊसबिलाचे पैसे हातात, आणि प्रश्न एकच : "साहेब, कुठं ठेवू?" मी सांगायचो आणि माणूस तिथंच फॉर्मवर सही करायचा. मी कोण, कुठला, त्यांना काही ठाऊक नसायचं. ज्याला माझं सगळं ठाऊक, त्याला मात्र माझं म्हणणं पटायला कानात बोळे घातलेला परका पोरगा लागतो.

घरी येऊन हे हिला बोलून दाखवलं. तिचं उत्तर असं : त्या शेतकऱ्यांना तुम्ही नंतर भेटत नव्हता. परक्याचा सल्ला फुकट असतो, आई-बापाच्या सल्ल्याचं बिल मागाहून येतं. ऐकलं आणि बरं झालं, तर ते आयुष्यभर प्रत्येक लग्नात, प्रत्येक पाहुण्यासमोर निघतं. नाही ऐकलं आणि वाईट झालं तर विचारूच नका. मुलाला बिल भरायचं नसतं, म्हणून तो माल घेत नाही.

याला उत्तर सुचलं नाही. तसं ते तिच्या बऱ्याच वाक्यांना सुचत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी तिला बोललो नाही. "पाच तारखेच्या आत भर" या वाक्यात माहिती आहे, पण मी ते म्हटलं की पोराला "तुला अजून कळत नाही" असं ऐकू येतं. "गृहपाठ झाला का?" याच सुरात मी "प्रीमियम भरलास का?" विचारतो, हे सूनबाईनं एकदा हसत हसत दाखवून दिलं होतं. सोळावं वरीस लागलं की मुलाला मित्रासारखं वागवावं, हा श्लोक कीर्तनात आम्ही सगळ्यांनी ऐकलाय आणि बापाची चप्पल पोराच्या पायात आली की वगैरेही. पण मित्र तोच सल्ला देतो तेव्हा स्वतः काय गोंधळ घालून बसलाय ते आधी सांगतो. बाप ते सांगत नाही.

विम्याचं तसंच झालं. कंपनीच्या मेडिक्लेमवर विसंबू नको, नोकरी गेली की तोही जातो, आणि पुढं शुगर-बीपी मागं लागल्यावर नवीन पॉलिसी काढलीस तर आधीच्या आजारांसाठी दोन-तीन वर्षं थांबायला लावतात. हे मी सांगून सांगून थकलो. मग त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या मित्राची नोकरी गेली, आणि त्याच महिन्यात त्या मित्राच्या बायकोचं ऑपरेशन निघालं. आठवड्याच्या आत आमच्या चिरंजीवांची स्वतःची पॉलिसी तयार. मला सांगताना म्हणाला, "मी नीट अभ्यास करून घेतलीय." मी म्हटलं, बरं केलंस.

आता दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर ही वही म्हणजे नुसतं पेन्शनरांचं रडगाणं होईल. आमच्या स्टाफरूममध्ये एकूणएक बाप पोरांना सांगायचा : शेअरच्या नादाला लागू नका. कारणं खरी होती. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स साडेचार हजारांच्या जवळ गेला, लोकांनी एफडी मोडून पैसे लावले आणि हर्षद मेहताचा घोटाळा बाहेर आल्यावर तीच माणसं चेहरे पाडून काउंटरला आली. पुढं जुलै २००१ मध्ये यूटीआयनं आपल्या युनिट ६४ या फंडाची खरेदी-विक्रीच थांबवली. यूटीआय म्हणजे सरकारच, असं समजून रिटायर माणसांनी आयुष्याची पुंजी त्यात ठेवली होती. आणि तेव्हा आम्हाला शेअरची गरज तरी काय होती? जानेवारी २००० पर्यंत पीपीएफच बारा टक्के देत होतं. बारा टक्क्यांत वाढलेल्या माणसानं सात टक्क्यांतल्या पोराला एफडीच कर म्हणावं आणि पोरानं मान डोलवून म्युच्युअल फंडातली दरमहाची एसआयपी चालू ठेवावी, यात पोराचं काही चुकलं असं मला वाटत नाही. जुलै २०२४ मध्ये सेन्सेक्स ऐंशी हजारांवर गेला. अर्थात हीच पोरं फ्युचर-ऑप्शनच्या सट्ट्यातही हात घालतात. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं २०२४ मध्ये आकडे दिले, तीन वर्षांत शंभरातल्या त्र्याण्णव जणांनी तिथं पैसे घालवले. म्हणजे त्यांचंही सगळं शहाणपणच आहे असं नाही.

अनुभवाचं एक आहे, तो जिथपर्यंत भिजला तिथपर्यंतच सांगतो. सांगलीत राहणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको. २००५ च्या महापुराचं पाणी कुठं आलं होतं, ते गावभागात ज्याच्या त्याच्या भिंतीवर होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ चढायला लागली, पंचेचाळीस फुटांची धोक्याची खूण ओलांडून गेली, तेव्हा पुण्या-मुंबईची पोरं फोन करत होती : निघा, विश्रामबागला जा, मिरजेला जा. आणि इकडं म्हातारी माणसं सांगत होती, पाच सालीसुद्धा आपल्या पायरीला पाणी लागलं नव्हतं. आमच्या ओळखीचे एक काका फ्रिज स्टुलावर चढवून निवांत बसले होते. पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेलं. काकांना तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्याच्या खिडकीतून बोटीत घेतलं. त्यांचा पोरगा त्यांना आजतागायत "मी सांगत होतो" असं म्हणालेला नाही. हे मात्र मला त्या पोराचं फार मोठेपण वाटतं. आपल्याच्यानं झालं नसतं.

आणि सगळ्या पोरांनी सगळं ऐकलं असतं, तर आपलं काय झालं असतं? आगरकर आपल्या इकडचेच, कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. घरात पराकोटीचं दारिद्र्य. मुलगा मोठमोठ्या परीक्षा देतोय, आता बड्या पगाराची नोकरी धरेल आणि आपले पांग फेडेल, अशी आईची आस. तिला त्यांनी पत्रानं कळवून टाकलं की तसं काही होणार नाही, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांच्या कामी घालवणार. चाळिशीच्या आतच गेले. जोतीरावांना तर शाळेपायी १८४९ मध्ये वडिलांच्या सांगण्यावरून घर सोडावं लागलं, सावित्रीबाई सोबत. गोविंदराव दुष्ट नव्हते, लोकांच्या दबावाला घाबरलेले होते. मला त्या माउलीचं आणि गोविंदरावांचं नेहमी वाईट वाटतं. त्यांचा सल्ला चार शहाण्या माणसांनी दिला असता तोच होता. त्यांच्या बाजूनं कुणी धडा लिहीत नाही, पुतळे न ऐकणाऱ्यांचेच होतात.

आमच्या चिरंजीवांचा पुतळा होईल अशी लक्षणं नाहीत. तेव्हा मला माझं काम चालू ठेवलं पाहिजे.

सध्या त्याच्या मनात फ्लॅट आहे. पुण्यात वाकडला, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत, बावीसाव्या मजल्यावर. मॉडेल फ्लॅट बघून दोघंही भुललेत. मला त्याला एवढंच सांगायचंय : महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून बघ. ताबा कधी देणार म्हणून लिहिलंय, मुदत किती वेळा वाढवून घेतलीय, तक्रारी किती आहेत, सगळं तिथं दिसतं. करारनामा रजिस्टर झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला परवानगी नाही, तेव्हा "बुकिंग आजच करा, वीस टक्के टाका" म्हणाले तर उठून ये. आणि भाव कार्पेट एरियावर, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरायला मिळणाऱ्या जागेवर बोल.

फोन हातात घेतला, तर ही म्हणाली, "तुम्ही नका करू. माझ्या भावाला सांगा, तो सांगेल."

आमच्या घरात सगळे महत्त्वाचे निरोप मामामार्फत जातात. सायन्स सोडून कॉमर्सला जायचंय, हे पोरानं मला मामाकडून कळवलं. मुलगी पसंत आहे, हेही मामाकडूनच. मग उलट्या दिशेनंही जायला हरकत नाही. मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "दाजी, काळजी करू नका, उद्याच बोलतो त्याच्याशी. मी म्हटलं की ऐकतो तो." सगळे मुद्दे त्याला एकेक करून लिहून दिले. महारेराचं स्पेलिंगसुद्धा.

मेहुणा स्वतः गेली कित्येक वर्षं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याची सरकारी परवानगी, नसलेल्या इमारतीत राहतोय. टँकरचं पाणी पितोय. त्याला त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. माझे सासरे सांगत होते.