कोपराएवढी जागा

परदेशात पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी, भुयारी रेल्वेच्या फलाटावर, एका वयस्कर बाईंनी माझे कोपर पकडून मला चक्क दोन पावले बाजूला सारले. त्या काही बोलल्या नाहीत, हसल्या नाहीत, माझ्याकडे त्यांनी धड पाहिलेही नाही. माझी कानशिले तापली. तेवढ्यात गाडी आली, मी उभी होते नेमके तिथेच दार उघडले आणि आतून माणसांचा असा लोंढा बाहेर पडला की बाईंनी हात घातला नसता तर मी त्याच्याबरोबर जिन्यापर्यंत वाहत गेले असते. आभार मानायला वळले, तर बाई केव्हाच गाडीत चढलेल्या होत्या. राग मात्र संध्याकाळपर्यंत पुरला.

वास्तविक गर्दी मला नवी नव्हती. एकटीने निघणाऱ्या मुलीला गर्दी सांभाळ असे सगळेच बजावतात, आणि गर्दीतच वाढलेली मुलगी मनातल्या मनात हसते. आपल्या गर्दीत बाईचे शरीर न विचारता हिशेब करत असते. हा धक्का गाडीच्या हिसक्याचा, हा घाईचा, आणि हा मुद्दाम दिलेला, हे पाठीला डोळे असल्यासारखे कळते. कोणाकडे रोखून पाहायचे, कोणाकडे पाहायचेच नाही, आवाज कधी चढवायचा, हेही ठरलेले असते. परक्या गर्दीत पाय ठेवला आणि हे सगळे ज्ञान एका झटक्यात मुके झाले. डब्यात माणसे खच्चून भरलेली, तरीही कोणी बोलत नव्हते. ती शांतता सभ्यतेची, थकव्याची की नाराजीची, हे ओळखायला माझ्याजवळ काहीच साधन नव्हते.

कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञांनी 1954 मध्ये रिओ दि जानेरो इथल्या एका महिला मंडळापुढे ‘कल्चर शॉक’ या विषयावर व्याख्यान दिले होते. रोजच्या व्यवहारात ज्यांच्या आधाराने आपण वावरतो त्या ओळखीच्या खुणा हरवल्या की माणूस कासावीस होतो, असे त्यांचे म्हणणे होते. हात पुन्हापुन्हा धुणे, पाण्याविषयी नको इतकी धास्ती, क्षुल्लक उशिरावरून संताप, शून्यात लागलेली नजर अशी लक्षणेही त्यांनी नोंदवली आहेत. पहिले दिवस मधुचंद्राचे, मग चिडीचे, मग सावरण्याचे असा त्यांचा क्रम आहे. मी मधुचंद्र वगळून थेट चिडीवरच उतरले होते, आणि हात तर दिवसातून दहादा धूत होते.

माणसामाणसांतल्या अंतराचे मोजमाप एडवर्ड हॉल या दुसऱ्या एका मानववंशशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये मांडले. सुमारे 45 सेंटिमीटरच्या आतली जागा अगदी जवळच्यांची, तिथून 120 सेंटिमीटरपर्यंतची ओळखीच्यांची. हे आकडे अमेरिकेतल्या मध्यमवर्गीयांच्या निरीक्षणावरून काढलेले आहेत आणि समाज बदलला की तेही बदलतात, हे त्यांनीच स्पष्ट केले होते. भरलेल्या डब्यात अर्थात कोणाचेच सेंटिमीटर उरत नाहीत. तिथे प्रश्न अंतराचा नसतोच, हेतूचा असतो. आणि हेतू मोजायची पट्टी परदेशी जाताना सामानात नेता येत नाही.

चौथ्या दिवशी एक माणूस माझ्या मागे उभा राहिला. गर्दी होती, त्यामुळे तो जवळ असण्यात वावगे काही नव्हते. पुढच्या स्थानकावर बरीच माणसे उतरली, तरी तो तेवढ्याच अंतरावर राहिला. दांड्यावर माझ्या हाताच्या अगदी वर त्याची मूठ होती, आणि तिच्यावरचा घड्याळाचा सैल पट्टा गाडीच्या प्रत्येक हेलकाव्याला घसरून माझ्या बोटांना लागत होता. त्याच्या लक्षात आले नसेल का? इथे असेच उभे राहतात का? आणखी दोन स्थानके मी त्याची बाजू लढवत राहिले, आणि तिसऱ्यावर, माझे स्थानक नसताना, उतरून गेले. संशयाचा फायदा आरोपीला देतात म्हणे. त्या दिवशी तो मी स्वतःला दिला. मागची गाडी पाच मिनिटांत आली. आपण उगाच उतरलो का, या प्रश्नाचा छळ मी मनाला लावून घेतला नाही, हीच त्या प्रवासातली माझी खरी कमाई. आपल्या भाषेत मी त्याला केव्हाच खडसावले असते, हे मात्र मनाला चांगलेच लागले.

खऱ्या धोक्याची गर्दी वेगळी असते. चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे कोंबली गेली की कोणाचेच पाऊल त्याच्या ताब्यात राहत नाही. माणसे पाण्यासारखी हेलकावू लागतात, आणि छाती दाबली जाऊन श्वास कोंडणे हे खरे संकट ठरते. एका रात्री स्टेडियममधला कार्यक्रम सुटल्यावर मी दोन्ही हात छातीपुढे धरून, लोटाशी न झुंजता, तिरक्या वाटेने कडेला सरकत गेले. तिथे संस्कृतीचा प्रश्नच आला नाही. दाटीत सगळ्यांची कोपरे सारखीच टोचतात.

परतीच्या आदल्या दिवशी त्याच फलाटावर गाडीची वाट पाहताना नजर सहज खाली गेली. फरशीवर दारांच्या जागा रंगवलेल्या होत्या: मध्ये उतरणाऱ्यांसाठी रुंद बाण, दोन्ही बाजूंना चढणाऱ्यांसाठी तिरक्या रेघा. रंग चांगलाच झिजलेला होता, म्हणजे बाईंनी मला बाजूला सारले त्या दिवशीही तो तिथे असणारच. मी डाव्या रेघेवर जाऊन उभी राहिले.